ओटा चार बोटं वर

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुशाली विचारायला सवड नाही. सासूबाई मला वेगळं काढणार आहेत! काल ओट्यावर वाकून कांदा चिरत होते, तर पाठीला गुदगुल्या झाल्या. वळून बघते तो सासूबाई सुतळी घेऊन उभ्या. म्हणाल्या, कोळिष्टक होतं. पाठीवर कोळिष्टक! मी बाई आहे की माळा? आज ऑफिसातून लवकर आले, तर स्वयंपाकघरातून गवंडी निघत होता आणि भिंतीवर खडूच्या खुणा. आता मधोमध भिंत उठणार, दुसरं काय?

भांडण रोजचंच आहे गं. मी डबे वरच्या फळीवर ठेवते, त्यांना वाटतं मुद्दाम लपवले. त्या खाली ठेवतात, मला वाटतं मुद्दाम वाकवतात. पण म्हणून भिंत? ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, बरंच झालं, दोन्हीकडे जेवता येईल.

मंगळवारपासून तीन दिवस मी ऑफिसच्या कामाला परगावी आहे. नक्की कधी जाणार, हे सासूबाईंनी चारदा विचारलं! मी बॅगेत सगळेच कपडे भरलेत. तिथून परस्पर तुझ्याकडे येते, परत जायची नाही. खरं सांगू? जीव तुटतोय. पटत नसलं तरी चहाला आम्ही एकमेकींसाठी थांबतो.

माया आहे तेवढी राहू दे आणि एक खाट रिकामी ठेव.

तुझी,
शिडी

७ फेब्रुवारी

चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की मशीनवर गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी जोडली. आता उसवत बसलेय. खाट रिकामी नाही, तिच्यावर कापडाचे ताके आहेत. परस्पर इकडे अजिबात यायचं नाही. आधी घरी जायचं, स्वयंपाकघरात डोकावायचं, मग काय रडायचं ते रड. का, ते विचारू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे, आधीच फार कळ काढतेय. आणि सुतळी पुन्हा दिसली तर ताठ उभी राहा.

आहेस तशीच वेडी राहा, पण घरी जा.

तुझी,
ताई

७ फेब्रुवारी

ती. मावशींना सा. न. वि. वि.

तुमच्या सुनेने बॅग भरली हो! तिला वाटतंय, तुम्ही भिंत घालून तिला वेगळं काढताय. गवंड्याला म्हणावं, हात चालव, गुरुवारच्या आत ओटा झालाच पाहिजे.

बुटक्या ओट्यावर वाकून तिची पाठ दुखते हे तिने मला, सख्ख्या बहिणीलाही, सांगितलं नाही. तुम्ही मागून नुसतं बघून ओळखलंत, आणि स्वतःच्या मापाचा ओटा मोडायला काढलात. तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. आता सुतळी बाजूला ठेवा. कमरेपासून जमिनीपर्यंतचं तिचं माप माझ्या वहीतून उतरवून सोबत पाठवतेय. तिचा लग्नातला पायघोळ झगा मीच शिवला होता, तेव्हा माप बिनचूक आहे. तुम्ही मात्र पायाखाली पाट घ्या.

आमची शिडी सांभाळून घ्यावी, ही विनंती.

आपली,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लबाड! दोघीही लबाड!

काल घरी आले ती चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले. भिंत कुठेच नाही. नवा कोरा ओटा, आणि शेजारी सासूबाई सुतळी पिळत उभ्या. आवडला का, हे विचारतानाही घाबरल्या होत्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बॅगेचं सांगून टाकलं, मग त्याही रडल्या.

मग चपला काढल्या, कांदा घेतला, आणि ओटा पोटाच्याही वर! त्यांनी तुझी चिठ्ठी दाखवली. ताई, ते माप लग्नातल्या टाचांसकट आहे! चांगल्या चार बोटं उंच, आठवतात? सासूबाईंना तर पाटावर चढूनही भांड्यात काय आहे ते दिसेना. आम्ही एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो, ते थांबेचना.

गवंड्याला परत बोलवावं का, असा विचार चालला होता, तेवढ्यात हे पाणी प्यायला आले आणि ओट्याशी उभे राहिले. इतकं नेमकं माप! जणू त्यांच्यासाठीच बांधलाय. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी लेकाच्या हातात सुरी दिली आणि मी कांदे पुढे सरकवले.

हे पत्र टेबलाशी बसून लिहितेय. शेजारी सासूबाई चहा पिताहेत, आणि मीठ किती घालायचं ते ओट्याशी उभ्या ह्यांना आम्ही दोघी एकाच वेळी वेगवेगळं सांगतोय. बॅगेतले कपडे त्यांनीच कपाटात लावले, अर्थात खालच्या फळीवर. ह्यांनी दोनदा विचारलं, गवंडी कधी येणार. बोलवायचाच नाही, असं आमचं ठरलंय. या घरात पहिल्यांदाच एकमताने.

तुझा लोभही असाच चार बोटं वर असू दे.

तुझी,
शिडी