तंतोतंत जुळलेलं अंदाजपत्रक

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत, आणि मी तर जरा जास्तच, कारण भर मंदीत नगरपालिकेचं अंदाजपत्रक तुमच्या भाच्यानं तंतोतंत जुळवलं. (लहानपणी "हा पोरगा बेरजेत मार खाणार" असं तुम्हीच म्हणाला होतात. राग नाही, नुसती आठवण.)

मामा, मंदीत नगरपालिका चालवणं म्हणजे काय, ते तिच्या हिशेबनीसालाच ठाऊक. बाजारातली निम्मी दुकानं बंद, म्हणजे परवान्यांचे पैसे गेले. नवं घर कोणी बांधत नाही, म्हणजे बांधकामाची फी गेली. लोकांचे पगार थांबले की सगळ्यात आधी घरपट्टी थांबते. वरच्या सरकारपुढे हात पसरावा, तर त्यांचाच हात आखडलेला. आणि खर्च? तो उलटा वाढतो! खासगी डॉक्टर परवडेना म्हणून सगळं गाव आमच्या दवाखान्याच्या बाकावर, नोकरी गेलेले आमच्या वाचनालयात जाहिराती चाळत (पंखा फुकट!), आणि मंदी आली म्हणून नळ काही कमी गळत नाहीत. सरकार निदान कर्ज काढून वेळ मारून नेतं. आम्हाला कायद्यानं जमाखर्च जुळवावाच लागतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरड्या.

पण डगमगेल तो तुमचा भाचा कसला! रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लावले, साहेबांची गाडी विकली (साहेब आता चालत येतात, पोट उतरलं). तरी एका माणसाच्या वर्षभराच्या पगाराएवढा खड्डा उरलाच. एक पद रद्द करणं आलं. कोणाचं, हे सांगायला कोणी धजेना, तेव्हा नियम मीच लिहिला, आणि असा निःपक्षपाती की सभेनं बाकं वाजवली: ज्याचं काम संपलं, त्याचं पद संपलं. मग भर सभेत साहेबांनी एकेकाला विचारलं. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "माझं काम कधी संपलं तर मलाही सांगा, बघायला येईन." नर्सबाईंनी दाराबाहेरच्या रांगेकडे बोट केलं. नळवाल्यानं नुसती ओली बाही वर केली. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. मी छाती काढून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एक पद वजा धरलं की पै न् पै जुळते साहेब, माझं काम पूर्ण झालं!"

टाळ्या बराच वेळ चालल्या. खरं सांगतो मामा, ऊर भरून आला. टाळ्या थांबल्यावर साहेबांनी माझा नियम पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. भाषा फार सुरेख उतरली आहे.

कळावे. लोभ आहेच, त्यात मंदी येऊ देऊ नये.

तुमचा अभिमानी भाचा,
हिशेबनीस (महिनाअखेरपर्यंत)

ता. क. तुमच्या दुकानात हिशेबाला माणूस हवा आहे का? घाई नाही. महिना संपायच्या आत कळवलंत तरी चालेल.

आणखी एक ता. क. तुमच्या इथल्या गुदामाची तीन वर्षं थकलेली पट्टी आणि माझा वर्षाचा पगार, या दोन्ही रकमा सारख्या निघाल्या. बेरीज तीनदा तपासली. तेव्हा नोकरीचं राहू द्या मामा. या आठवड्यात आलात, तर पावती अजून मीच फाडीन.