आज तरी काही लिहा

गुरुवार, सकाळचे अकरा

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. ते मी रागावले म्हणून बंद होत नाहीत, तेव्हा आधी घेऊन ठेव. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून सांगितलं असताना तू गच्चीवर टाकी बघायला गेला होतास, हे तुझ्या बायकोने मला कळवलं आहे. एकसष्टाव्या वर्षी माणसाने टाकीत डोकं घालू नये. तिला सांग, तिने विणलेला स्वेटर तुझ्या भाऊजींना छान बसला. बाह्या जरा लांब आहेत, पण त्यामुळे उजवा हात झाकला जातो आणि त्यांना ते आवडतंय असं दिसतं.

आता मुद्द्यावर येते. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि मी बोललेलं आत ऐकू जातं. ते का चालणार नाही, ते पुढे येईलच. शिवाय त्या दिवशी मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. मी अक्कलदाढ काढायला दवाखान्यात गेले, तेवढ्या तीन तासांत तू आमच्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम काढून नवी घातलीस. मी परत आले तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. तू म्हणालास, “ताई, बघ कसा पळतोय आता.” मला फक्त “हं” म्हणता आलं, आणि ते शाबासकी समजून तू गाडी पकडलीस. तू एक … आहेस, हे मला तेव्हाच म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेबलाशी समोरासमोर बसलो. भाऊजींना गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून “हं”, “बरं” आणि “तेच” एवढे तीनच शब्द येतात, आणि माझ्या तोंडून तेवढेही येईनात. मला मीठ हवं होतं. मी बोट दाखवलं, त्यांनी साखर दिली. मी मान हलवली, त्यांनी पाणी दिलं. मग ते माझ्याकडे असे काही हसले की काय सांगू. वर्षभर मी त्यांना नको ते हातात देत आले असणार. (हे तुला सांगायचं नव्हतं. पण लिहून झालं.)

तर, कोऱ्या फाइलीबद्दल. आमच्या घरात तिचं काय महत्त्व आहे हे तुला माहीत नव्हतं, आणि विचारायचीही तुला गरज वाटली नाही. बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं की त्यांना शब्द सुचवू नका, फक्त रोज कोरं पान समोर ठेवा. उजवा हात चालत नाही, म्हणून कागद-पेन बाद. कॉम्प्युटरवर डाव्या हाताच्या एका बोटाने जमतं. म्हणून रोज साडेआठला, चहा झाला की, मी पडद्यावर माऊसचं उजवं बटण दाबायची, ‘नवीन’वर जायची, खाली ‘टेक्स्ट फाइल’ होती ती निवडायची, तिला तारखेचं नाव द्यायची आणि बाजूला व्हायची. चार पायऱ्या. तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईला चार पायऱ्यांची सिद्धता पाठ असायला काय लागतं. मग ते खुर्चीत बसायचे आणि एक शब्द लिहायचे. पहिल्यांदा ‘चष्मा’ लिहिला. मग बरेच दिवस ‘खिडकी’. एकदा ‘कंटाळा’ लिहिला, आणि तो वाचून मी दिवसभर खुशीत होते.

पान मात्र कोरंच लागतं. कालचं पान चालत नाही. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस आहे. लिहिलेलं पान समोर आलं की ते तपासायला लागतात. ते त्यांचं काम आहे. लिहिणं हे दुसऱ्या कुणाचं काम, असं त्यांच्या हाताला वाटतं.

तुझ्या नव्या सिस्टीमवर मी उजवं बटण दाबलं, तर यादीत ‘नवीन फोल्डर’ एवढंच. टेक्स्ट फाइल नाही. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, पडद्याच्या चारही कोपऱ्यांत जाऊन बटण दाबून पाहिलं (कोपऱ्यात वेगळी यादी असेल असं का वाटलं, विचारू नकोस). शेवटी म्हटलं फोल्डर तर फोल्डर. त्याला तारीख दिली. भाऊजींनी तो उघडला, आत पाहिलं, काही नाही. मी आत आणखी एक फोल्डर केला, की त्याच्या पोटात तरी पान निघेल. त्यांनी तोही उघडला. असे आम्ही अकरा फोल्डर आत गेलो. माणूस रिकाम्या कपाटाची दारं उघडत जातो तसे ते शांतपणे उघडत गेले, आणि अकराव्याला “तेच” म्हणाले. इतका अचूक शब्द त्यांना त्या आठवड्यात दुसरा सुचला नव्हता.

त्या संध्याकाळी तोंड जरा उघडायला लागलं तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, “अगं ताई, एडिटर उघड आणि लिहायला लाग, फाइल नंतर सेव्ह कर. सवय होईल.” दुसऱ्या दिवशी एडिटर, म्हणजे तो लिहायचा प्रोग्राम, उघडला. तुझा हा एडिटर फार आठवणीचा आहे. आदल्या दिवशी मी कुठली जुनी पानं उघडून बघत होते, ती सगळी त्याने आपणहून पुन्हा समोर मांडली. भाऊजी खुर्चीत बसले आणि तपासायला लागले. एका बोटाने एकेक अक्षर पुसत, सात-आठ महिन्यांपूर्वीचे स्वतःचेच शब्द. त्या वेळी हात आजच्याहून कच्चा होता, त्यामुळे पानांत काय काय झालं होतं ते तू समजू शकतोस. चौथ्या पानाला त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कधी छापखान्यात इतकं गचाळ मुद्रित हातातून सोडलं नव्हतं, आणि हे त्यांचंच होतं. ते उठले आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी साडेआठला ते खुर्चीत आलेच नाहीत. चहा प्यायले आणि भिंतीकडे बघत बसले. चौथ्या दिवशीही तेच. मी हाक मारली नाही. दोन दिवस मी तुला फोन करून जे काही बोलले, ते तू मुकाट्याने ऐकून घेतलंस, याबद्दल तुझे आभार मानणार होते, पण नंतर तुझ्या बायकोकडून कळलं की तू फोन टेबलावर ठेवून पेपर वाचत होतास. तेव्हा आभार मागे घेते. पण मी का ओरडत होते ते मी तुला सांगितलं नाही, कारण मी ते मोठ्याने म्हणाले असते तर खरं झालं असतं. मला वाटत होतं, आता हे पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाहीत. वर्षभर रोज एका शब्दाने आम्ही पुढे सरकत होतो, आणि ते सगळं एका यादीतल्या एका ओळीवाचून थांबलं.

पाचव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेले. ती इस्त्र्यांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं उघडते, आणि बोलताना तोंडात स्क्रू धरते. मी म्हटलं, मला कोरी फाइल हवी आहे, पटकन, रोज. ती म्हणाली, “काकू, त्यात काय, टर्मिनल उघडा. काळी खिडकी. त्यात टच लिहा, जागा सोडा, फाइलचं नाव लिहा, एंटर. डोळे मिटायच्या आत फाइल तयार.” मी वहीत लिहून घेतलं: पक्ष, काळी खिडकी. साध्य, कोरी फाइल. घरी येऊन केलं. काळी खिडकी काहीच बोलली नाही. झालं की नाही झालं, हूं नाही की चूं नाही. पडद्यावर फाइल नाही म्हणून मी दर वेळी नवं नाव देऊन पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि मग कळलं की त्या सगळ्या फाइली आपल्या जागी, ‘होम’ नावाच्या फोल्डरात, जाऊन बसल्या होत्या. सहा. पुसून टाकल्या.

सहाव्या दिवशी सकाळी मी तारीखबिरीख दिली नाही. मला वैताग आला होता. टच लिहिलं, जागा सोडली आणि नावाच्या ठिकाणी जे मनात होतं तेच टाइप केलं: ‘आज तरी काही लिहा’. एंटर दाबलं आणि फोल्डर उघडून पाहते तर एका फाइलीच्या जागी चार, अकारविल्हे लावलेल्या. एकीचं नाव ‘आज’, एकीचं ‘काही’, एकीचं ‘तरी’, एकीचं ‘लिहा’. मी शब्दांमध्ये जागा सोडली होती, आणि या यंत्राने प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल करून दिली होती. (दुरुस्तीवालीने जागा एकदाच सोडा म्हणून सांगितलं होतं. वहीत आहे. मीच वाचलं नाही.) मी तशीच फोल्डर उघडा टाकून वही आणायला आत गेले.

परत आले तर ते खुर्चीत होते. समोर चार कोरी पानं, आणि त्यांच्यावर त्यांना वाचता येतील अशी नावं. मी दारातच थांबले. चाळीस मिनिटं उभी होते, दाढेकडच्या बाजूला ठणकत होतं, पण हलले नाही. एकेक फाइल उघडायची, एक शब्द, बंद करायची, पुढची. पानामागून पान, छापखान्यात घेत असत तशी. कधी नव्हे ते चार. मग ते उठले, माझ्याकडे पाहून “बरं” म्हणाले, आणि चहा मागितला. म्हणजे कप दाखवला.

मी फाइली उघडल्या. पहिलीत ‘खटपट्याला’. दुसरीत ‘उगाच’. तिसरीत ‘रागावू’. चौथीत ‘नकोस’.

वर्षभरानंतर माझ्या नवऱ्याने मला पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं, आणि ते तुझी बाजू घेण्यासाठी. तू किती … आहेस, हे त्यांना माहीत असूनही.

असो. तुझ्याबद्दल एक बरी गोष्ट लिहिते, म्हणजे तोल राहील. तू सिस्टीम बदलताना त्यांची सगळी जुनी पानं जपून ठेवलीस, वेगळ्या फोल्डरात, आणि अक्षरं मोठी करून ठेवलीस. पहिल्या दिवशी मी तीच पानं उघडून बघत होते, पण रागात हे लक्षात आलं नाही, काल आलं. फोल्डरचं नाव तू ‘भाऊजींचं’ एवढंच दिलं आहेस. गुडघ्याची काळजी घे. जिन्याला कठड्याची बाजू धरून चढ.

तुझी,
ताई

ता. क. दुरुस्तीवाली काल येऊन गेली. ‘टेम्प्लेट्स’ नावाच्या फोल्डरात एक कोरी फाइल टाकून ठेवली की उजव्या बटणाच्या यादीत ती पुन्हा येते, पूर्वीसारखी. तिने टाकून दिली. आता चार पायऱ्यांत एक कोरी फाइल मिळते, म्हणजे हे सगळं पत्र लिहायचं कारणच उरलेलं नाही. पण ती सोय मी वापरत नाही. रोज काळी खिडकी उघडते आणि मुद्दाम जागा सोडून लिहिते. काल पाच केल्या, पाच भरल्या. जुनी सिस्टीम परत घालायला येऊ नकोस. घातलीस तर खरंच ओरडेन.

ता. क. (दुसरा) मी दुपारी पडले होते तेव्हा पत्र कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं आणि भाऊजींनी ते तपासलं. वर दोन ठिकाणी तीन टिंबं दिसतील. तिथे मी एका कष्टाळू प्राण्याचं नाव लिहिलं होतं. टिंबं त्यांची आहेत. मी ती तशीच ठेवली, कारण मुद्रितशोधकाचा शब्द शेवटचा असतो.

ता. क. (तिसरा, आणि यासाठीच पत्र) आज सकाळच्या फाइलींना मी नाव दिलं होतं: ‘खटपट्याला काय निरोप द्यायचा सांगा’. पाच झाल्या. त्यांनी पहिलीत ‘ये’ लिहिलं आणि उठले. उरलेल्या चार कोऱ्या आहेत. त्या मी पुसत नाही. तू रविवारी ये आणि त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बस. काही दुरुस्त करू नकोस.