सानगडीचा रूट

वाघोली, पुणे

प्रिय रुचिताई,

तरी एकदा सांगायचं तर होतं. गाडी तुझी, पैसे तुझे, मान्य आहे. पण स्कूटी विकली हे मला आईकडून कळावं, आणि तेही पंधरा दिवसांनी? आणि विकली कोणाला, तर गोलूला. आधी त्याने माझा पार्सल वाटायचा रूट घेतला, आता गाडी पण घेतली, आणि तू किल्ली त्याच्या हातात देऊन मोकळी झालीस. मी फोन केला तर उचलत नाहीस. मेसेज टाकला तर नुसता अंगठा पाठवतेस. आईच्या फोनवर बोलावं तर आई बाजूलाच बसून असते. म्हणून हा कागद घेतला. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, समजून घे. तू म्हणशील, मी माझी गाडी विकली तर तुले काहून आग लागली, तू कोण विचारणारा. तेच लिहायचं आहे, पण मला सरळ तिथे जाता येत नाही. जरा फिरून येतो.

इथे दिवसाला ऐंशी-नव्वद पार्सल असतात. सोसायट्यांची नावं सगळी इंग्रजीत, आणि एकासारखी एक. मी डब्यावरचा पत्ता वॉचमनला दाखवतो, तो हात करतो तिकडे जातो. परवा एक वॉचमन भेटला, बोलण्यावरून ओळखलं, आपल्याच भागातला, तिरोड्याचा. म्हणाला, "इंग्रजी वाचता येत नाही त हा धंदा कायले करतं बावा?" दुसरं कोणी बोललं असतं तर भांडलो असतो. त्याने हात केला तिकडे निघालो. जिना चढताना मात्र सारखं वाटत होतं की मागे तू आहेस आणि पुढचा पत्ता वाचशील.

बाबा गेल्यावर साकोलीच्या पार्सल ऑफिसात मला काम लागलं, सानगडीचा रूट मिळाला, आणि घरात आईने साखर वाटली. गाडी मी चालवायचो. ती पण तूच शिकवलेली, तलावाच्या पाळीवर, मागून माझी कॉलर धरून. पत्ते तिथेही इंग्रजीतच, ते तू वाचायचीस. डब्यावर नुसतं नत्थू कापगते लिहिलेलं असायचं आणि तू मागून सांगायचीस, "नत्थू दोन आहेत, हा चक्कीवाला. आता जेवून झोपला असंन, त्याच्या बायकोजवळ दे." गिऱ्हाइकाचा फोन आला तर तूच बोलायचीस. ऑफिसातल्यांना वाटायचं, भाऊ बहिणीला कॉलेजात सोडून राहिला. मग तू शिलाईचे आणि दोन हंगामांच्या धानाच्या रोवणीचे पैसे जमवून जुनी स्कूटी घेतलीस आणि अर्धी बॅग तूच नेऊ लागलीस. ऑफिसच्या मोबाईलमध्ये रायडर म्हणून नाव मात्र माझंच. म्हातारी तुळसाबाई तर तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून औषधाचं पार्सल घ्यायची नाही. मला म्हणायची, "तू कोण रे? पोरगी कुठं आहे?"

त्या दिवाळीला ऑफिसच्या धनीराम साहेबाने माझा फोटो भिंतीवर लावला. खाली लिहिलं, वर्षाचा उत्तम रायडर. सोबत पाकीट दिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तेव्हा बाहेर उन्हात दोन्ही गाड्या सांभाळत उभी होतीस. पाकिटाच्या पैशात मी बूट घेतले. तुला विचारलं, तुला काही पाहिजे का, तर तू म्हणालीस, "घे बापा, तुह्याच नावानं आलं आहे." ते तू टोमणा म्हणून बोललीस की मनापासून, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

मग मला पुण्याचं वेड लागलं. एका जागी बसवत नाही मला, हे तुला ठाऊकच आहे. मी निघालो आणि महिन्याभराने तू धनीराम साहेबाकडे जाऊन माझा रूट मागितलास. तिथे काय काय झालं ते तू त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलंस. त्याने विचारलं, तीस किलोची बॅग उचलशीन का? तू तिथल्या तिथे उचलून त्याच्या टेबलावर ठेवलीस. मग म्हणाला, जंगलाचा रस्ता आहे. तू म्हणालीस, दोन वर्षांपासून त्याच रस्त्यानं जाऊन राहिली. मग म्हणाला, ऑफिसात बायकांसाठी संडास नाही. मग म्हणाला, उद्या लग्न झालं त रूट कोण पाहीन? मला यातलं एकही विचारलं नव्हतं, ताई. मला एवढंच विचारलं होतं, गाडी आहे का. आणि शेवटी तो म्हणाला, घरच्या माणसाले विचारतो. एवढं सांगून तू थांबलीस. पुढचं काही न सांगता सरळ गोलूवर आलीस, की रूट त्याला दिला, ज्याचं लायसन पण अजून निघालेलं नाही. मी धनीरामला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. तू गप्प होतीस. मला वाटलं, रडून राहिली.

आता तू राइस मिलमध्ये पोती ओढतेस असं आई सांगते. त्या पोत्यांचं वजन तिथे कोणी विचारत नसेल.

मागच्या सोमवारी इथल्या ऑफिसात गोदावरीबाई नावाची एक बाई आली. चाळिशीची असेल. सात वर्षं शाळेच्या पोरांची व्हॅन चालवलेली, ती शाळा बंद पडली. रायडर पाहिजेत असा बोर्ड आमच्या दारावर होताच. आमच्या प्रविण साहेबाने तिचं लायसन पाहिलं, परत दिलं, आणि नवऱ्याचा नंबर मागितला. तिच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आम्ही सात-आठ पोरं तिथेच माल वेगळा करत होतो. नवरा पलीकडून हसला. म्हणाला, "अहो साहेब, तिच्या डोक्यात किडा आहे. द्या घरी पाठवून." पोरं हसली. मी पण हसलो. तिने लायसन प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी पर्समध्ये, आणि पर्सची चेन लावत राहिली. चेन लागत नव्हती.

ताई, तुझ्या वेळी घरचा माणूस म्हणून धनीराम साहेबाने मलाच फोन केला होता. मी चहाच्या टपरीवर पोरांमध्ये उभा होतो. तो म्हणाला, "मोनू, तुही बहीण काम मागून राहिली. तुह्यापेक्षा मोठी आहे, पण घरात माणूस तूच. तू हो म्हण, मी देतो." देणार होता की नाही, देव जाणे. मी म्हणालो, "नाही साहेब, आमच्या घरच्या पोरी दारोदार फिरत नाहीत. हाकला तिले." इज्जतीचं काही नव्हतं त्यात. तू एकटीने तो रूट केला असता तर महिन्याभरात सगळ्यांना कळलं असतं की भिंतीवर फोटो कोणाचा पाहिजे होता. मला तेवढीच भीती होती. काल धनीरामला फोन करून सांगितलं, माझी हरकत नाही, तिला घ्या. तो म्हणाला, आता जागा कुठं आहे, आणि तिले पाहाले पाहुणे येऊन राहिले म्हणतात. मग मी विचारलं, त्या दिवशी मी बोललो तेव्हा ती कुठे होती? तो म्हणाला, "समोरच उभी होती ना. म्हणून त स्पीकर लावला. उद्या मले दोष नको." म्हणजे तू सगळं ऐकलं होतंस. आणि तरी संध्याकाळी फोनवर मला त्याला शिव्या घालू दिल्यास.

तुझाच,
मोनू

ता. क. आईच्या खात्यावर नाही, तुझ्या खात्यावर पैसे पाठवून राहिलो. गाडीचे नाहीत हे, गाडी परत घेण्याइतके अजून जमले नाहीत. त्या दिवाळीच्या पाकिटात होते तेवढेच आहेत. दोन हजार शंभर रुपये.