बॅरलमधलं खाद्य

१२ जुलै, बुध.
कोठी खरवडून शेवटचं खाद्य टाकलं. सुनंदाने मे महिन्यात भरून ठेवलेलं आज संपलं. कोंबड्या चौदा, कोंबडा एक. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या मागे बघतात. ती येतेय का म्हणून.

प्रज्ञाचं बारावी सायन्स. गेल्या जूनपासून मायलेकी लातूरला, खोली करून. पोरीला मेसचं सोसत नाही म्हणून आई सोबत. इथल्या निम्म्या घरांत हेच. गेल्या वर्षी सुनंदा पंधरा दिवसांनी यायची. यंदा बारावी, म्हणून तेही बंद. मी लाइनमन, मला मुख्यालय सोडता येत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, कोंबड्या काय खातात ते मला माहीत नव्हतं.

एसटीडीवरून घरमालकाकडे फोन लावला. सुनंदा सांगत गेली, मी हातावर लिहून घेतलं. तीन भाग भरडा, एक भाग शेंगपेंड, थोडा कोंडा, शिंपल्याचा चुरा. "गावातल्या दुकानातनं घेऊ नका. निलंग्याला मोंढ्यात जब्बारभाईकडं जावा."

१८ जुलै, मंगळ.
निलंग्याचा मोंढा, धान्याचा बाजार. जब्बारभाईंचं भुसार दुकान. मला बघून पहिला प्रश्न, "भाभी न्हाई आल्या?" मग मलाच शिकवायला लागले. "भाभी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघतात. आतून गरम लागलं की घेत न्हाईत."

मीही घातला हात, चार हमालांसमोर. गरम का गार, काही कळलं नाही. मान मात्र डोलावली.

लिलावाच्या ओट्यावरचं झाडण चाळून विकतात. ज्वारी, मका, फुटकी तूर, सगळं एकत्र. निम्म्या भावात. तीन महिन्यांचं एकदम मागितलं. जब्बारभाई म्हणाले, "पावसाळ्यात भाभी महिन्याचंच नेतात." म्हटलं, मी तीन महिन्यांचं नेतो. सारखं सारखं कोण येणार, रजा कोण देणार.

२१ जुलै
पोतं ठेवून तीन दिवस नाही झाले तर उंदरांनी तळ फोडला. कोठीत एवढं मावत नाही. जब्बारभाई काय म्हणाले ते आता कळलं.

डोकं चालवलं. सेक्शनवर ट्रान्सफॉर्मर ऑइलचा रिकामा बॅरल भंगारात पडून होता. साहेबांना विचारून आणला. सोड्याने तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवणार. झाकण गच्च बसतं. उंदीर नाही, ओल नाही, सोंडे नाहीत. फोनवर सुनंदाला सांगितलं तर हसली. "तुमचा बोर्ड आता कोंबड्याबी पाळणार का?" बऱ्याच दिवसांनी तिचं हसू ऐकलं. बॅरल आणल्याचं सार्थक झालं.

२ ऑगस्ट
पहिला डबा गेला. अठरा अंडी, भुसा घालून, वरून फडकं बांधून, सकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरकडे. सुनंदा स्टँडवर येऊन घेते. आता दर बुधवारी पाठवायचा.

संध्याकाळी फोन. "पोचली?" "पोचली." "फुटली न्हाईत ना?" "न्हाई." "कशी हायत?" "लई चांगली हायत."
प्रज्ञा क्लासला गेलेली. तिच्याशी बोलणं नाही.

१६ ऑगस्ट
डबा गेला. एकवीस अंडी. मी एकही ठेवत नाही. मला पिठलं पुरतं. अंडं खाल्लं की वाटतं पोरीच्या ताटातलं काढलं.
लाइन तीन वेळा ट्रिप. दिवसभरात कोणाशीही चार वाक्यं झाली नाहीत. "आली का लाइट" आणि "कवा येणार लाइट", एवढंच.

२७ ऑगस्ट, रवि.
साहेबांच्या पाया पडून एक दिवस लातूर. क्लासच्या बोर्डांनी रस्ता झाकून गेलाय. पोरं रविवारीही पाठीला दप्तर लावून पळताना दिसली.

खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, एक स्टोव्ह. प्रज्ञा वाचत होती म्हणून मी जिन्यात बसलो. गॅलरीत चार बायका, चौघी अशाच पोरांसाठी आलेल्या. एक उदगीरची, एक बिलोलीची, दोघी कुठल्या ते कळलं नाही. मध्ये सुनंदा. काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. ही बाई इतकी बोलते? तीन पोरींचे डबेही करते म्हणे. मला आजच कळलं.

जेवायला वांगं. "अंडी?" "शेजारच्या पोरींला दिली." द्यायला हरकत नाही. पण मी येणार ते तिला माहीत होतं.

प्रज्ञा निघताना म्हणाली, "पप्पा, एवढी अंडी नका पाठवू हो." आईने तिच्याकडे बघितलं. पोरगी परत पुस्तकात.

९ सप्टेंबर, शनि.
पाऊस, वारा, दोन पोल आडवे. दुपारी तीनला भिजून घरी. पीठ संपलेलं. म्हटलं आज आपणही खाऊ. दोन अंडी उकडली.

पहिला घास थुंकला.

ऑइल. ट्रान्सफॉर्मर ऑइलचा वास. बॅरल उघडून खाद्य नाकाशी धरलं. तोच वास. बावीस वर्षं हा वास माझ्या हाताला, कपड्याला, त्यामुळे रोज त्यात डोकं घालूनही मला कळला नाही. कोंबड्यांनी बिचाऱ्यांनी पोटासाठी खाल्लं.

आणि त्या दोघींनी? सहा डबे. सहा वेळा विचारलं, सहा वेळा "लई चांगली हायत".

१० सप्टेंबर
सकाळीच फोन.
"वास येत व्हता?"
"कसला?"
"सुनंदा, येत व्हता का न्हाई?"
"येत व्हता."
"मग सांगायचं न्हाई?"
"काय सांगू? तुमी एकटे तिकडं. एवढं फडकं बांधून, भुसा घालून पाठवायलेत. कसं सांगू?"
"काय केलं अंड्यांचं?"
"टाकली."
शेजारच्या पोरींनाही दिली नव्हती तर.

मी फोन ठेवला. चुकलंच, पण ठेवला. अंडी गेली त्याचं काही नाही. मी दर बुधवारी इथे भुसा पसरत होतो आणि तिकडे ती कचऱ्यात टाकत होती. आणि फोनवर आमचं सगळं छान चाललं होतं.

१२ सप्टेंबर
बॅरलमधलं सगळं खड्ड्यात पुरलं. बॅरल परत भंगारात. आता गावातल्या दुकानातून आठवड्याचं आणतो, महाग. जे नको म्हणाली होती तेच.

३० सप्टेंबर, शनि.
भूकंपाला सात वर्षं झाली. सकाळी जुन्या गावाच्या जागेवर गेलो. आई आणि धाकटा भाऊ, दोघांच्या नावाने मेणबत्ती लावली. दर वर्षी सुनंदा सोबत असते. यंदा प्रज्ञाची टेस्ट. पहिल्यांदा एकटा.

त्या वर्षी ढिगाऱ्यातून ज्वारी निघाली होती, माती आणि काच मिसळलेली. कोणी खाईना. सुनंदा सुपात घेऊन बसायची, काच वेचून काढायची आणि कोंबड्यांना टाकायची. दिवस दिवस. मी म्हणायचो, कशाला करतेस? म्हणायची, हाताला काम पाहिजे, न्हाई तर मी वेडी होईन. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा. रडायची तर माझ्यासमोर रडायची. मग हे पक्कं घर मिळालं, आणि तिने कधी रडून दाखवलं नाही. मला वाटलं, सावरली.

१२ ऑक्टोबर
मोंढ्यात. जब्बारभाई म्हणाले, पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी यायला लागलीय. माणूस खात नाही, म्हणून स्वस्त. "भाभी याच वक्ताला उन्हाळ्यापर्यंतचं भरतात. चार दिवस स्लॅबवर वाळवतात, दाताखाली कडक वाजली तरच भरतात. किती ठेवू तुमच्यासाठी?"

मेमध्ये ती येणार असेल तर उन्हाळ्यापर्यंतचं भरावं. नाही आली तर मी एकटा ह्या कोंबड्या किती दिवस ठेवणार? म्हटलं, विचारून सांगतो. "कुणाला?" म्हणाले. हसण्यावारी नेलं.

१५ ऑक्टोबर, रवि.
फोन केला. ज्वारीचं सांगितलं. ती म्हणाली, "विकून टाका कोंबड्या. तुमची लई दगदग व्हते."
"तू मेमध्ये येणार ना?"
"पेपर तर होऊ द्या."
"सुनंदा, चांगलं-बिंगलं नको. खरं सांग."

मीटर पळत होतं. मग म्हणाली,
"मला हितं झोप लागती हो."
मला आधी कळलंच नाही.
"त्या घरात कधी लागली न्हाई. डोळा लागला की वाटायचं, आता वरचं खाली येतंय. हितं चार बायका हायत भिंतीला लागून, रात्रभर कोण ना कोण खोकतं. बरं वाटतं."

त्या घरात इतकी वर्षं मी तिच्या शेजारी झोपलो. घोरत.

१९ ऑक्टोबर
कोंबड्या विकल्या नाहीत. ज्वारीही सांगितली नाही. जब्बारभाई अजून दोन बाजार थांबतो म्हणाले.

बदलीचा अर्ज लिहिला. लातूर शहर विभाग. साहेब म्हणाले, "शहरात कशाला मरायला? तिकडं लोक लाइनमनला शिव्या देतात." इथे कोणी शिवीसुद्धा देत नाही, हे त्यांना कसं सांगणार. कारण म्हणून 'कौटुंबिक' लिहिलं. पण ज्या कुटुंबाचं कारण दाखवलं, त्याला विचारलेलं नाही. कदाचित ती ह्या घराला कंटाळली असेल. कदाचित त्यात मीही आलो.

२२ ऑक्टोबर, रवि.
विचारलं. बूथवर मागे दोघे उभे होते, तरी विचारलं.
"मी बदली घेऊन तिकडं आलो तर?"
पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. तिने त्यांना "थांबा गं" म्हटलं. मग मला म्हणाली,
"खोली लई लहान हाय."
म्हटलं, व्हय. बघितलीय.
मग म्हणाली, "बघते विचारून."
कोणाला, ते मी विचारलं नाही.