चुलीवर भागायलंय

अण्णा,

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी एक मंडळ काढलंय. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर जमतात आणि कचरा कमी कसा करायचा, पाणी कसं वाचवायचं, जरा सावकाश कसं जगायचं यावर बोलतात. वाईट काही नाही. त्यांच्यातली एक तरुण मुलगी, बँकेत नोकरीला आहे, परवा घरी आली. म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात तुम्ही बोला. आमचे सासरे तुमच्या वडिलांचे विद्यार्थी. ते सांगतात, सेलूला असे एक सर होते की शहाणपण शिकावं तर त्यांच्याकडून. चुलीवरचं खायचे, पायी फिरायचे, कागदाचा कपटा वाया घालवायचे नाहीत. तुम्ही तर त्याच घरात वाढलात. रोज करता येतील असे साधे सोपे बदल आम्हाला सांगा." मी हो म्हणाले. आज सकाळी वही घेऊन बसले, वर 'साधे सोपे बदल' असं लिहून खाली रेघ मारली, आणि पहिलं वाक्य काही केल्या येईना. जे आलं ते तुमच्या नावाने आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावून कुणाचं काही भलं होणार नाही. तरी रागावते.

खरं सांगायचं तर तुमचं सगळं बरोबर होतं, आणि हेच मला जास्त टोचतं. आलेलं पाकीट तुम्ही ब्लेडने अलगद उलगडायचात आणि आतल्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणं काढायचात. तुमचं धोतर विरलं की त्याच्या दस्त्या, म्हणजे हातरुमाल, व्हायच्या, दस्त्या विरल्या की भांडी पुसायची फडकी. जुनी लुगडी वाकळेत जायची. आंघोळीचं पाणी पपईला, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भांड्यांना चुलीतली राख. गावातली माणसं आपलं घर बघायला यायची आणि तुम्ही त्यांना परसातून फिरवायचात. आज त्या बँकेतल्या मुलीसाठी मी ही सगळी यादी केली, आणि मग सहज प्रत्येक गोष्टीपुढे ते काम कोण करत होतं ते लिहीत गेले. पाकिटं उलगडायचं काम तुमचं. बाकी सगळीकडे आई. दस्त्यांना टीप घालायची आई, वाकळ शिवायची आई, न्हाणीतून घमेल्याने पाणी उपसून पपईपर्यंत न्यायची आई. ती पाहुण्यांना परसात कधी दिसली नाही, कारण तेव्हा ती आत त्यांच्यासाठी चहा ठेवत असायची.

वालूरला, आईच्या माहेरी जायचं तर एस.टी. होती. तुम्ही आम्हाला चालत नेत होता. चालण्याने माणूस जमिनीशी बोलतो, असं तुम्ही वर्गातही सांगायचात. मला ती वाट चांगली आठवते. तुम्ही पुढे चाललेले आहात, हात मोकळे, मधूनच थांबून एखाद्या पिकाकडे किंवा पाखराकडे बोट दाखवताय. मागे आई, डोक्यावर गाठोडं, एका हाताला मी. तिला पाखराकडे बघायला मान वर करता येत नाही, कारण गाठोडं पडेल. ती माझ्याकडे बघून हसते. तुम्ही जमिनीशी काय बोलत होता कोण जाणे, तिच्याशी त्या सबंध वाटेत बोलल्याचं मला आठवत नाही.

आपल्या घरात एक शब्द होता. 'भागायलंय.' नवीन वही पाहिजे का, असं तुम्ही विचारायचात आणि आम्ही "भागायलंय" म्हणायचं. चप्पल तुटली का? भागायलंय. दिवाळीला परकर शिवायचा का? भागायलंय की, अण्णा. मग तुम्ही डोक्यावर हात ठेवायचात. तो हात मिळावा म्हणून मी पेन्सिलीचा एवढासा तुकडा बोटांच्या टोकांत धरून लिहिलेलं आहे, शाळेच्या पटांगणात तापलेल्या मातीवरून अनवाणी पळालेली आहे. तुम्ही प्रश्न विचारत होता असं मला तेव्हा वाटायचं. तुम्ही पाठांतर घेत होता. आणि आई माझ्याआधी कितीतरी वर्षं तुमच्या वर्गात बसलेली होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. एस.टी. बंद, बाजार बंद, शाळेला कुलूप, गावात रॉकेलचा थेंब मिळेना. ज्यांच्या घरी स्टोव्ह होते त्या बाया आपल्या दारात पऱ्हाट्या मागायला आल्या. कपाशी वेचून झाली की उरलेली ती वाळकी झाडं आपण रचून ठेवलेली असायची. तुम्ही दारात उभं राहून त्यांना मोजक्या पेंढ्या देत होता आणि सांगत होता, "बघा, आमचं काहीच अडलं न्हाई. ज्यानं गरजा वाढवल्या त्याची फजिती." तुमचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला. आजूबाजूच्या खेड्यांत माणसांची घरं पेटवली जात होती, आणि तुम्हाला आपली चूल पेटल्याचं कौतुक. आई आत भाकरी थापत होती. ती तव्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "लोकांची घरं जळायलेत, आन ह्यान्ला चुलीचं पडलंय." मला ऐकू आलं. तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती कधी बोललीच नाही.

ती चूल. पत्र्याखाली, एका झरोक्याची खोली. उन्हाळ्यात पऱ्हाट्या भराभर जळायच्या म्हणून तिला तिथून हलता यायचं नाही, पावसाळ्यात त्या ओल्या व्हायच्या म्हणून फुंकणीवरून तोंड काढता यायचं नाही. मी शाळेतून आले की दारातून आधी धूर दिसायचा आणि मग खोकला ऐकू यायचा. डोळे कायम लाल. विचारलं की म्हणायची, "कांदा चिरलाय." कांदा नसायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा तुम्हाला समोर बसवून सांगितलं की बाईंच्या छातीत धूर बसलाय, तो बंद करा. तुम्ही घरी येऊन अडुळशाचा काढा सुचवलात. परसात अडुळसा होताच. पण तो काढा उकळायला पुन्हा चूल पेटवावी लागायची, आणि ती पेटवायची तिनेच. हे मी लिहितेय तेव्हा मला हसू येतंय, आणि ते चांगलं हसू नाही.

मी मॅट्रिकला होते तेव्हा मामा आला, परभणीहून, रविवारी दुपारी. आईचा धाकटा भाऊ, कचेरीत कारकून. बहिणीचा खोकला ऐकून त्याने कधीतरी तुमच्या नावाने गॅससाठी अर्ज भरून टाकला होता, तुम्हाला न सांगता. नंबर लागला होता. लोक वर्षानुवर्षं त्यासाठी थांबत होते आणि मामा ते कार्ड खिशात घालून रेल्वेने आला होता. तुमच्याकडे मुख्याध्यापक बसले होते, शाळेतले आणखी दोन सर होते. मामा म्हणाला, "दाजी, सही तेवढी करा. सिलेंडर आणायचं मी बघतो. ताईला लय तरास व्हायलाय." तुम्ही हसलात. कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलंत आणि आत हाक मारलीत, "अगं, जरा भायेर ये. तुझा भाऊ गॅस घेऊन आलाय. तूच सांग ह्या सगळ्यांपुढं, चुलीवर भागायलंय का न्हाई?"

आई दारात आली. डोक्यावर पदर, हातात चहाच्या कपांचं ताट.

"भागायलंय की," ती म्हणाली.

"ऐकलंत?" तुम्ही मुख्याध्यापकांना म्हणालात. "ज्याचं त्यालाच इचारावं." त्यांनी मान डोलावली. मामा म्हणाला, "ताई, तू तरी खरं बोल गं." ती म्हणाली, "च्या घे आधी, थंड व्हायलाय." मग थोडं बोलणं झालं, थोडं हसणं झालं, आणि मामा संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तुम्हाला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं की तुम्ही तिला विचारलं होतंत. पाहिजे का, असं विचारलं असतंत तर ती काय म्हणाली असती ते सांगता येत नाही. पण चार पुरुषांसमोर, तुमच्याच शब्दात, तुम्हीच शिकवलेलं उत्तर मागितलंत, आणि तिने ते दिलं. बाहेरच्या माणसांसमोर नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिला वालूरहून निघतानाच शिकवून पाठवलेलं होतं. तुम्हाला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही बायकांच्या दुःखावर वर्गात इतकं सुंदर बोलायचात की मुली रडायच्या.

त्यानंतर ती दहा-अकरा वर्षं त्याच चुलीपुढे बसली. शेवटी शेवटी एका दमात तिला वाक्य पुरं करता यायचं नाही. विद्यापीठाचं नाव बदललं त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या तेराव्याला आलेल्या माणसांना तुम्ही सांगत होता की बाईने आयुष्यभर कशाचीही मागणी केली नाही. लोकांना ते फार मोठं वाटलं.

मग तो जानेवारी. मी तेव्हा परभणीला राहत होते. नाव बदलल्याच्या बातमीने स्टँडवर पोलीस उभे होते आणि परभणीहून सेलूची एस.टी. सुटेल की नाही याची खात्री नव्हती. तुम्ही एकटे आहात म्हणून मी तरी निघाले. घरात शिरले आणि थबकले. त्याच खोलीत, चुलीच्या जागी, नवं लाकडी टेबल. टेबलावर दोन बर्नरची शेगडी, खाली लाल सिलेंडर. आई जाऊन पुरते सहा महिने झाले नव्हते. तुम्ही मला खुर्ची दिलीत, बटण फिरवलंत, काडी लावलीत आणि लहान मुलासारखे माझ्याकडे पाहिलंत. "बघ, एका मिनिटात. एकट्याचं चुलीवर भागंना बघ. कोन फुकत बसंल?"

भागंना. आपल्या घरात तो शब्द असा उलटा वळतो हे मला अट्ठाविसाव्या वर्षी कळलं. तुमच्या डोळ्यांत अपराधीपणा शोधला, तो नव्हता. चेष्टाही नव्हती. तुम्हाला खरोखरच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलं. तुम्ही केलेला चहा मी प्यायले. चांगला झाला होता. तुम्हाला चहा करता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आईलाही नसावं.

आता त्या गच्चीवर जाऊन मी काय सांगू? तुमच्या सवयी माझ्या अंगात मुरल्यात. मीही पाकिटं उलगडते, भाजीचं पाणी झाडाला घालते, जवळपास जायचं तर चालत जाते, आणि ते मला आवडतं. ते वाईट आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्या मुलीला पहिला साधा बदल सांगायचा झाला तर तो हा आहे, की घरात जिच्या अंगावर हे काम पडणार तिला एकटीला गाठून विचारा, आणि ती 'चालेल' म्हणाली तर अजून एकदा विचारा. एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. कारण असं एकटीला गाठून बोलणं आपल्या घरात एकदा झालं होतं, आणि ते तुम्हाला माहीत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाहीच, पण असता तरी मी ते पाठवलं नसतं. यापुढचं आधी आईपाशी कबूल करायला हवं होतं, आणि तिच्यापाशीही मी ते कधी केलं नाही.

त्या रविवारी सकाळी आई माझी वेणी घालत होती. तुम्ही बाहेर गेला होता. केसांतून फणी ओढत ती हळूच म्हणाली, "दुपारी तुजा मामा यायलाय. गॅसचं इचारायला. तुज्या अण्णाला तू म्हन, आपल्याला पाहिजे म्हनून. माजं न्हाई आयकायचे ते. तुजं आयकतेत." मी "हो, सांगते" म्हणाले. तिने दोनदा विचारलं, "सांगशील ना?" मी दोनदा हो म्हणाले. दुपारी तिने "भागायलंय की" म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "आणि आमच्या मॅट्रिकवाल्या बाईंचं काय मत?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मुख्याध्यापक माझेही मुख्याध्यापक होते. ताट हातात धरून आईही पाहत होती. मी म्हणाले, "गॅसवरच्या भाकरीला चव कुठं असती, सर?" सगळे खो खो हसले, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आईही हसली, खांद्यावरचा पदर दातांत धरून. तोवर गॅसवरची भाकरी मी एकदाही खाल्लेली नव्हती. आईने त्यानंतर तुम्हाला काही सांगायला मला कधी सांगितलं नाही.