काकडीतून गेलेली कोंबडी

कोपर, बुधवार

ती. देवरामभाऊ,

सहदेवचा दोन्ही कान धरून नमस्कार. (फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं की तुम्ही मला बोलू देत नाही.) गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? आणि कलावती तुमच्याकडे नीट जेवते ना? गेल्या आठवड्यात ती सलाइनवर होती, म्हणून विचारतो. "नवऱ्याने मला कोंबडी खायला घातली" असं तिने सांगितलं असेल, तर ते खोटं नाही. पण अगदी तसंही नाही.

झालं असं. त्या रविवारी आमची अक्षदा आणि जावई दिपेश जेवायला आलेले. कोंबडी माझ्याकडे असते, कारण तुमची बहीण माळकरी. ती त्या टोपाकडे बघतही नाही. मी आईने शिकवल्याप्रमाणे नळ मोठा सोडून कोंबडी तीनदा चोळून धुतली. अक्षदा खाण्याचे पदार्थ तपासायच्या लॅबमध्ये आहे. ती ओरडली, "बाबा, धुऊ नका! धुऊन जंतू जात नाहीत, उडतात. शिजवल्यावर मरतात." मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून धुतोय." शेजारीच ओट्यावर कलावतीने स्वतःपुरती काकडी कोचवून ठेवलेली, उघडी. (तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.)

आम्ही तिघांनी रस्सा चाटूनपुसून संपवला, कुणाला साधी ढेकर वाकडी आली नाही. सोमवारी संध्याकाळी कलावतीला ताप, उलट्या, जुलाब. मी भजनी मंडळाच्या शिऱ्यावर संशय घेतला. (त्यांची माफी मागून आलोय.) रिक्षात तिने माझा हात धरला. भाऊ, पस्तीस वर्षांत तिने रस्त्यात कधी माझा हात धरलेला नाही. बोटं गार पडलेली. तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही; त्यातलं थोडं तुमच्याही नावावर आहे.

तपासणीत साल्मोनेला नावाचे जंतू निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी चिकन झालेलं?" मी ताठ होऊन म्हणालो, "ही माळकरी आहे!" मागून अक्षदा फक्त "काकडी" म्हणाली, आणि मी मिळेल त्या स्टुलावर बसलो.

औषधाने कलावती बरी झाली. पण घरी आल्यावर डोळ्यांत पाणी. "पोटाचं काही नाही हो, माझ्या माळेचं काय?" मी समजावलं, जंतू म्हणजे काही मांस नव्हे. तर म्हणाली, "मग कोंबडीच्या अंगावर काय मेथी उगवलेली?" आणि बॅग भरून कोलशेतला तुमच्याकडे आली.

तुमचा अपराधी,
सहदेव

ता. क. खरं काम हे : ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. माळ शाबूत आहे असं तिला तुमच्या तोंडाने सांगा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना कलावतीच दारात! म्हणते, "भाऊला शनिवारीच विचारलं. तो म्हणाला, नकळत गेलं ते पोटात गेलं, मनात नाही." मग चार दिवस का राहिलीस, विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही न्यायला याल म्हणून थांबलेले."

भाऊ, मी इथे चार दिवस शब्द जुळवत बसलेलो. तुम्ही नुसतं "ये, गाढवा" एवढं कळवायचं होतं.