घोगऱ्याची नऊ नवी गाणी

रविवार, १४ नोव्हेंबर
दुपार

ती. आईंना सप्रेम नमस्कार,

मी बरी आहे. तुमचीही तब्येत बरी असेल, गुडघे फार कुरकुरत नसतील, असं धरून चालते. इकडे थंडी पडायला लागली. माझी नोकरी तीच, कवळ्या बनवायच्या लॅबमधली, आणि टेबलही तेच, खिडकीपाशी. मालकांचा विनोदसुद्धा तोच आहे, की आपण लोकांना खायला घालत नाही, फक्त चावायची सोय करून देतो. चार वर्षांत एक शब्द नाही आणि आज अचानक पत्र, म्हणून दचकू नका. बातमी वाईट नाही. घोगऱ्याचा नवा अल्बम आलाय.

हो, आपला घोगरा. अकरा वर्षांनी. मला वाटलं होतं ती मंडळी आता नातवंडं खेळवत असतील. शुक्रवारी आला आणि आत्तापर्यंत मी तो सहा वेळा ऐकला. कुणाशी तरी बोलायला हवं होतं. लॅबमधल्या लोकांना डेथ मेटल म्हणजे कसलं संगीत ते सांगण्यात अर्धा तास जातो, आणि सांगून झालं की ते माझ्याशी जरा जपून वागायला लागतात. हे सगळं न सांगता कळलेलं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि ते पडदे शिवत बसलं होतं.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील तेव्हा. मी हेडफोन लावून भांडी घासत होते. वायर नळाला अडकून फोनमधून सुटली आणि सगळ्या स्वयंपाकघरात ते गुरगुरणं फुटलं. पलीकडे तुमचं मशीन थांबलं. तुम्ही दारात येऊन विचारलंत, "हा माणूस एवढा कशावर चिडलाय?"

मी म्हटलं, मरणावर.

तुम्ही जरा वेळ ऐकलंत. मग म्हणालात, "मग बरोबर आहे त्याचं. राहू दे लावलेलं."

त्यांची खरी नावं तुमच्या जिभेवर बसेनात, म्हणून तुम्ही सगळ्यांचं बारसं केलंत. गाणारा तो घोगरा. ड्रमवाला टीपवाला, कारण त्याचे पाय तुमच्या मशीनसारखे धावायचे. उजव्या कानातला गिटारवाला करवत, डाव्या कानातला कानस. तुमचा मुलगा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, आज किती मुडदे पडले? आणि आपण दोघी चोरासारख्या आवाज कमी करायचो. मागचा अल्बम आपण दोघींनी ऐकला होता, आठवतं? हॉटेलच्या बेचाळीस पडद्यांची ऑर्डर होती, आणि त्या आठवड्यात तुमच्या शिवणीला अशी काही धार चढली की हॉटेलवाला म्हणाला, मावशी, माणसं ठेवलीत का?

आता नव्या अल्बमचं सांगते. नऊ गाणी आहेत. पहिली बातमी म्हणजे घोगऱ्याने कवळी बसवली आहे. वरची, अख्खी. हे कुठे छापून आलेलं नाही, पण अठरा वर्षं मी दुसरं काय करतेय? 'स' म्हणताना त्याच्या टाळूपाशी बारीक शिट्टी वाजते. पहिल्या दोन गाण्यांत तो ती लपवायला बघतो. जुन्या खोल आवाजात उतरतो, पण दम पुरत नाही. ऐकवत नाही, खरं सांगते. तिसऱ्यापासून त्याने नाद सोडला आहे. आहे त्या आवाजात गातो, शिट्टीसकट, आणि तिथून अल्बम खरा सुरू होतो. पूर्वी तो मरणाला घाबरवायला बघायचा. आता त्याच्याशी वाद घालतो, शेजाऱ्याशी घालावा तसा.

टीपवाला हळू झाला आहे. पूर्वी मशीनची टीप होती, आता हातशिलाई आहे. पण टाका कुठेही चुकत नाही, आणि दोन टाक्यांमधलं कापड दिसतं, ते मला आवडलं. सहावं गाणं निव्वळ भरताड आहे, ते सोडून द्या.

कवळीवरून आठवलं. तुमची आता सैल झाली असेल. मी केली तेव्हाच सांगितलं होतं की हिरड्या बसतात, पाच-सहा वर्षांनी नवी लागते. जेवताना हलते का? दुसऱ्या कुणाकडून करून घेतलीत का? घेतली असलीत तर बरंच झालं. तुमचा साचा मात्र मी अजून ठेवलाय. लॅबमध्ये जुने साचे वर्षाने टाकून देतात. तुमचा माझ्या खणात आहे, त्यावर तुमचं नाव आहे, आणि मालकांनी दोनदा विचारलं तेव्हा मी दोनदा खोटं बोलले. ती कवळी बसवल्यावर तुम्ही पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसलात. मला तेवढं हसणं बघायला मिळालं, नंतर फार दिवस मिळालं नाही.

नववं गाणं सर्वांत मोठं आहे. ते सुरू झालं आणि माझ्या डाव्या कानात काहीच वाजेना. वाटलं, हेडफोन गेला. वायर हलवून पाहिली, फुंकर मारली. मग आठवलं, कानस दोन वर्षांपूर्वी गेला. बाकीच्या गाण्यांत त्याच्या जागी दुसरा कुणीतरी वाजवतो, चांगला वाजवतो. शेवटच्या गाण्यात मात्र त्यांनी कुणालाच बसवलेलं नाही. करवत आपलं उजवीकडे वाजवत राहतो, मधेच थांबतो, कानस जिथे उत्तर द्यायचा तिथे. तेवढा वेळ जाऊ देतो आणि पुढे जातो. आठ मिनिटं असं चालतं.

ते ऐकून मी हे पत्र लिहायला बसले. नाहीतर बसले नसते.

तुमच्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत राहायला शिकलो होतो, ते किती वर्षं चालवायचं? निघाले ते चूक नव्हतं. पण मी त्याला सांगून निघाले आणि तुम्हाला न सांगता. तुम्ही कापड आणायला गेला होतात ती वेळ मी मुद्दाम धरली. तुमच्यासमोर बॅग उचलली गेली नसती.

आणि दुसरी गोष्ट. तीन महिन्यांनी तुम्ही इथे आलात. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना. दार वाजवलंत. म्हणालात, "अगं, मी आहे. एकटीच आलेय." आई, मी घरात होते. दाराला पाठ लावून खाली बसले होते, तोंडावर हात धरून. उघडलं असतं तर मी तुमच्या मागोमाग परत आले असते, आणि ते मला नको होतं. तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते मी मोजलं नाही. मग एकेक पायरी उतरत गेलात. मी सगळ्या पायऱ्या ऐकल्या.

कडीला पिशवी होती, त्यात माझे विसरलेले हेडफोन. कानावरचा फोम झिजून गेला होता, तिथे तुम्ही काळ्या मखमलीच्या टोप्या शिवल्या होत्या. इतक्या बारीक टाक्यांनी, की शिवण शोधावी लागते. मी आभारसुद्धा कळवले नाहीत. नवा अल्बम त्यांच्यातूनच ऐकला.

घोगऱ्याला पुढचा अल्बम काढायला आणखी अकरा वर्षं लागली तर तुम्ही ब्याऐंशीच्या व्हाल. मला तेवढं थांबायचं नाही. पण उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुमची
(पुढे काय लिहावं ते सुचत नाही)


मंगळवार, २३ नोव्हेंबर

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर मोठं काढतेय. बाकी ठीक.

अल्बम ऐकला. फोनवर मला सापडेना, म्हणून मुलालाच लावून दे म्हटलं. त्याने विचारलं, हे तिने कळवलं का? मी हो म्हटलं. मग तो उठून जाईल असं वाटलं, पण बसला. तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "आवाज वाढवू का?" तू त्याचा काही अर्थ काढू नकोस, मीही काढत नाही. पण तुला सांगावंसं वाटलं.

घोगरा दमलाय, पण खोटं गात नाही. सहाव्या गाण्याचं तू म्हणतेस ते मला पटलं नाही. त्यावर मी अख्खा एक पडदा दुमडून काढला. पडदे आता दोनचारच घेते. शेवटच्या गाण्याचं मात्र तू लिहिलंस म्हणून कळलं. डाव्या कानाने मला वर्षभर ऐकू येत नाही, त्यामुळे मला सगळीच गाणी तशी वाजतात.

तू आत होतीस ते मला माहीत होतं. मी आले तेव्हा आत नळ चालू होता आणि दार वाजवल्यावर बंद झाला. म्हणून मी सावकाश उतरले. गुडघे तेव्हा बरे होते. प्रत्येक मजल्यावर थोडी थांबले, तुला वेळ मिळावा म्हणून. खाली पोचल्यावर राग आला होता, खोटं कशाला सांगू? दोन बस सोडल्या. मग घरी येता येता वाटलं, बरं केलंस. तुझ्या वयाची असताना मलाही एक दार बंद ठेवायचं होतं. माझ्याकडून ते झालं नाही.

सांगून गेली असतीस तर मी तुझी बॅग नीट भरून दिली असती. एवढंच मनात राहिलं. तू कपडे कसेही कोंबतेस.

कवळी हलते. पावडर लावते, ओरडू नकोस. रविवारी दहाच्या बसने निघते, बाराला पोचेन. जिना चढायला मला आता वेळ लागेल, तर तू खाली येऊन थांब.

तुझी
आई